कुणीच ओरडलं नाही

"ज्या कुणी हे असं सोडून दिलं, तो भेकड होता. आपा, तुम्हाला नाही वाटत?"

वल्लरीनं खुर्ची गर्रकन फिरवली. तिच्यामागे पडद्यावर एकशे अठरा ओळींची यादी होती. शेवटच्या रकान्यावर लिहिलं होतं, 'मालक'. त्याखाली एकशे अठरा वेळा काहीच नव्हतं.

जैनब आपा काकडीचा शेंडा कापून काकडीवरच घासत होत्या. कडूपणा निघेपर्यंत त्या दुसरं काही करत नसत.

"कोण भेकड होता?" त्यांनी विचारलं.

"तेच तर. नाव कुठंय? काम करायचं, नाव लिहायचं नाही आणि निघून जायचं."

"मग तुला कसं कळलं, भेकड होता म्हणून?"

"नाव लिहायला जो घाबरतो तो भेकड."

"हं."

आपांनी एक फोड पुढे केली. वल्लरीनं ती घेतली नाही.

मिरजेतल्या त्या खोलीत एप्रिलची दुपार होती. वर पत्रा, आत दोन पंखे, त्यातला एक फिरणारा. खोली 'काठसोबत' नावाच्या संस्थेची. नदीकाठच्या गावांना पाऊस, पाणी आणि पिकांची खबर फोनवरून पोचवायची, हे संस्थेचं काम.

हे काम चालायचं क्लाउडवर. म्हणजे लांबच्या कुठल्याशा शहरातल्या दुसऱ्याच्या यंत्रांवर. ती इथून दिसत नाहीत, नुसती वापरता येतात. दहा वर्षांत आल्यागेल्यांनी तिथं चारशे बारा वस्तू मांडून ठेवल्या होत्या. कुठे यंत्र, कुठे कोठार, कुठे यादी, कुठे चार ओळींचा प्रोग्रॅम.

वल्लरी त्याला उकिरडा म्हणायची. ती चोवीस वर्षांची होती आणि कॉलेजात पहिली आलेली होती.

आपा एकाहत्तर वर्षांच्या होत्या. चौतीस वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वायरी सांभाळल्या होत्या. कॉलेज त्यांनी बाहेरूनच पाहिलं होतं. संस्थेत त्या आठवड्यातले तीन दिवस येत, आणि नव्या मुलांना काम शिकवत. शिकवत म्हणजे काय, तर प्रश्न विचारत.

क्लाउडवर वस्तूंचे गट करता येतात. गटाला एक नाव मिळतं, एक परवानगी मिळते, सगळं एका नजरेत दिसतं. आणि एक बटण मिळतं. गट पुसला की आतलं सगळं एका दमात पुसलं जातं.

तीन आठवड्यांत वल्लरीनं चारशे बारा वस्तू लावल्या होत्या. यंत्रं यंत्रांत. याद्या याद्यांत. आवाज आवाजांत. ज्यांना मालक नव्हता, त्यांचा दहावा गट. त्याचं नाव 'बेवारस'.

पहिले नऊ गट तिनं आपांना दाखवले होते, तेव्हा आपांनी एवढंच विचारलं होतं, "यातलं कोण कुणाबरोबर मरणार, ते बघितलंस का?"

वल्लरीला ते म्हातारपणाचं बोलणं वाटलं होतं.

"शुक्रवारी पाच वाजता बेवारस गट पुसायचा," ती आता म्हणाली. "हेरवाडकर सरांनी सांगितलंय. सोमवारी सगळं नव्या खात्यात न्यायचं. मालक नाही ते येणार नाही."

"एकशे अठरा?"

"एकशे अठरा."

"खात्री केलीस?"

वल्लरी याच प्रश्नाची वाट बघत होती.

"केली. तुमच्याच पद्धतीनं केली. तुम्हीच सांगितलं होतं ना, एक्स्चेंजमध्ये वायर कुणाची ते कळत नसेल तर तोडायची नाही. नुसती काढून ठेवायची आणि तक्रारीच्या फोनपाशी बसायचं. ज्याची असेल तो ओरडत येईल."

"सांगितलं होतं."

"मी सगळ्या बंद केल्या. दोन आठवडे. तक्रारीच्या फोनपाशी स्वतः बसले. डबासुद्धा तिथंच खाल्ला."

"मग?"

"कुणीच ओरडलं नाही."

आपांनी सुरी खाली ठेवली.

"कधी केलंस हे?"

"मार्चमध्ये. आठ तारखेपासून बावीसपर्यंत. का?"

आपांनी डाव्या कानाकडे हात नेला. कानातलं मशीन काढलं. मग उजव्या कानातलं. दोन्ही मशीनं टेबलावर, काकडीच्या सालांशेजारी ठेवली.

"आता ओरड," त्या म्हणाल्या.

"काय?"

आपा तिच्याकडे बघत राहिल्या. शांत. जिन्यात बसलेल्या मांजरासारख्या.

"आपा, हे काय चाललंय?"

...

"आपा, मला काम आहे."

...

"आपा!"

खालच्या मजल्यावर शिवणवर्ग चालायचा. तिथली मशीनं थांबली. जिन्यातून एक बाई म्हणाली, "काय झालं गं? पाल आहे का?"

"नाही! काही नाही!"

"मग एवढी का बोंबलतेस?"

आपांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. पूर्ण एक मिनिट जाऊ दिलं. मग काकडीची फोड उचलली.

"कुणीच ओरडलं नाही," त्या म्हणाल्या. "म्हणजे तू इथं नाहीस."

वल्लरीचे कान लाल झाले.

"हे बरोबर नाही! तुम्ही कान काढून ठेवलेत!"

आपांना ते ऐकू आलं नाही. त्या काकडी खात होत्या.

"मला हे असलं आवडत नाही," वल्लरी म्हणाली. ऐकू जात नाही हे माहीत असूनही म्हणाली. "सरळ सांगायचं नाही. कोडी घालायची. आम्ही काय मठात आलोय? चुकलं असेल तर चुकलं म्हणा. मी शुक्रवारी पुसणार. बघाच तुम्ही."

तिनं पर्स उचलली आणि ती जिना उतरली. शिवणवर्गातल्या बायका तिच्याकडे बघून हसल्या.

गुरुवारी ती सगळ्यांच्या आधी आली.

आपांना खोटं पाडायचं, तर एकच मार्ग होता. एकशे अठरा वस्तू एकेक करून उघडायच्या, आणि एकेक कचरा त्यांच्यासमोर मांडायचा.

तिनं सुरुवात केली.

पहिली वस्तू, कुठल्या तरी रांगोळी स्पर्धेचा फॉर्म. सहा वर्षांपूर्वीचा. कचरा.

दुसरी, 'चाचणी-दोन-शेवटची'. तिसरी, 'चाचणी-दोन-शेवटची-नक्की'. कचरा, कचरा.

अकराव्या वस्तूत कुणाच्या तरी बारशाचे फोटो होते. ते बाळ आता शाळेत जात असेल. कचरा.

साठ वस्तू झाल्या. साठच्या साठ कचरा. वल्लरी खूश होती. तिनं मनातल्या मनात आपांशी बोलायलाही सुरुवात केली होती.

त्रेसष्टावी वस्तू एक छोटा प्रोग्रॅम होता. त्याचं नाव 'सात'. नुसतं सात.

तिनं तो उघडला. वीस ओळी होत्या. दर दहा मिनिटांनी नदीवरच्या सात नंबरच्या मोजपट्टीकडे बघायचं. पाणी खुणेच्या खाली असेल, तर गप्प बसायचं.

तो शेवटचा कधी बोलला होता, ते तिनं पाहिलं.

चोवीस जुलै. सहा ऑगस्ट. सात ऑगस्ट. वर्षात तीन वेळा. बाकीचं वर्षभर तो नुसता बघत होता.

आणि आठ मार्चपासून बघतही नव्हता. तिनंच त्याला बंद केलं होतं, आणि बावीसनंतरही पुन्हा सुरू केलं नव्हतं.

...

पाणी खुणेच्या वर गेलं तर काय करायचं, ते पुढच्या ओळींत होतं. एक आवाज घ्यायचा. एक यादी घ्यायची. यादीतल्या एकेचाळीस नंबरांना फोन लावून तो आवाज ऐकवायचा.

तो आवाज तिच्या 'आवाज' गटात होता. यादी 'याद्या' गटात होती. दोन्हींना मालक होता, दोन्ही सोमवारी नव्या खात्यात सुखरूप जाणार होत्या. नऊ गटांत नीट घड्या घालून ठेवलेल्या.

आवाज राहिला असता. नंबर राहिले असते. फक्त फोन लावणारं कुणी राहिलं नसतं.

वल्लरीनं आधी 'सात' पुन्हा सुरू केला. मग यादीतला पहिला नंबर लावला. नाव होतं तानूबाई कुंभार.

"हॅलो, तानूबाई का?"

"कोण बोलतंय?"

"मी काठसोबतमधून बोलतेय."

"कुठनं?"

"ते... पावसाळ्यात तुम्हाला फोन येतो ना. पाण्याचा."

पलीकडचा आवाज एकदम बदलला. "पाण्याची बाई? अगं बया! एप्रिलात कसं काय? आन् आवाज बी येगळाच लागतोय."

"नाही नाही, पाणी नाही आलं. मी दुसरी बाई."

"मंग आधी तसं बोला की! उठलेच हुते मी, गाढवं सोडाया."

"माफ करा."

"आसू दे. बोला."

"किती घरं आहात तुम्ही तिथं?"

"एकेचाळीस. नदीला लागूनच. माती हितंच मिळती, भट्ट्या बी हितंच. वर जाऊन काय करायचं?"

"आणि फोन आला की?"

"पयलं गाढवं सोडायची. मंग पोरं उचलायची. मंग वरच्या शाळेत जायचं. घागरी ऱ्हात्यात त्या ऱ्हात्यात."

वल्लरीनं पुढचा प्रश्न दोनदा गिळला.

"तानूबाई, समजा तो फोन बंद पडला..."

"बंद कशानं पडंल?"

"समजा."

"मंग आमाला कळणार कसं, बंद पडला म्हणून? फोन न्हाई आला म्हंजे पानी न्हाई, आसंच धरतो आमी."

...

"तक्रार नाही करत तुम्ही? त्या नंबरावर?"

"त्यावर लावला तर लागत न्हाई, ताई. मागं एकदा लावला हुता, आभार मानाया. पोरगं वाचलं हुतं सुनंचं. न्हाई लागला. त्यो फोन बोलतो निस्ता, ऐकत न्हाई."

वल्लरीनं फोन ठेवला.

मग तिनं 'आवाज' गटातली ती फाइल लावली.

"पाणी वाढतंय. जनावरं सोडा. वरच्या शाळेत जा. घाबरू नका, पण थांबू नका."

आवाज बाईचा होता. ठाम, थोडा घोगरा. तो तिच्या ओळखीचा होता.

आपा अकरा वाजता आल्या. चप्पल काढली, पाणी प्यायल्या, पदरानं कपाळ पुसलं. कानांत मशीनं होती.

वल्लरीनं काही न बोलता मोबाइल त्यांच्या कानाशी धरला.

आपांनी ऐकलं.

"कोण ही?"

"तुम्ही."

"मी?" आपांनी पुन्हा ऐकलं. "आवाज बरा होता."

"तुम्हाला हे माहीत होतं? काल माहीत होतं?"

"बाळ, मी इथं शेकडो वाक्यं बोललेय. गारपीट येतेय, टोळ येतायत, पाणी सुटतंय. कुठलं वाक्य कुठं वाजतं, मला काय ठाऊक? मला तर ते ऐकूसुद्धा येत नाही."

"मग कधी केलं, ते का विचारलंत?"

आपांनी पिशवीतून आणखी एक काकडी काढली.

वल्लरीनं आता वाट बघितली नाही. तिनं नवा गट केला. 'सात' त्यात आणला. 'आवाज' गटातून आवाज काढून त्यात आणला. याद्यांमधून ती एक यादी आणली. तीन वेगवेगळ्या प्रकारच्या वस्तू, एका छपराखाली. गटाला नाव दिलं 'कुंभारपट्टी-पाणी'.

मग त्या गटाला कुलूप लावलं. कुलूप असलं की मालकाच्या संमतीशिवाय कुणालाही तो पुसता येत नाही.

पडद्यानं विचारलं, मालक कोण?

तिनं टाइप केलं, 'वल्लरी माने'.

"मी भेकड नाही," ती म्हणाली.

आपा मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"किती वर्षं असशील इथं?"

"म्हणजे?"

"गेल्या चार वर्षांत या खुर्चीतून किती जण गेले?"

वल्लरीनं मनात मोजलं. "सात."

"ते सगळे भेकड?"

"त्यांनी नाव लिहिलं नाही, आपा!"

"बघितलंस?"

वल्लरीचा हात थांबला. मग तिनं 'सात'चा जुना इतिहास उघडला. कोणत्या दिवशी कुणी काय बदललं, ते सगळं तिथं असतं. आजवर तिनं तो उघडला नव्हता.

पहिल्याच दिवशी मालकाचं नाव लिहिलेलं होतं. 'प्रसन्न घोलप'. पूर्ण नाव, नंबरसकट.

तीन वर्षांनी त्यानं संस्था सोडली. त्याचं खातं बंद झालं. खातं बंद झालं की त्याचं नाव सगळीकडून आपोआप पुसलं जातं. संस्थेनं तशीच सोय करून ठेवली होती.

तिनं आणखी एक वस्तू उघडली. मग आणखी एक. रांगोळी स्पर्धेच्या फॉर्मलासुद्धा मालक होता. बारशाच्या फोटोंनाही.

...

"भेकड नव्हते," ती हळूच म्हणाली.

आपांनी फोड पुढे केली. या वेळी वल्लरीनं घेतली.

"मग तुमचं नाव लिहिते."

"माझं? मी अजून किती पावसाळे?"

"असं नका बोलू."

"का नको? वायर माझ्याहून जुनी होऊ दे. चांगलंच आहे."

"मग कुणाचं लिहू? जे येतात ते जातात. हेरवाडकर सरसुद्धा जातील. मग नाव पुसलं जाईल आणि माझ्यासारखी कुणीतरी येईल. मार्चमध्ये बंद करील आणि म्हणेल..." तिनं वाक्य पुरं केलं नाही. तिचा आवाज चढला होता. "अशी व्यवस्थाच कशाला, जिथं काळजी करणाऱ्याचं नावच टिकत नाही? कोण आहे असा, जो जात नाही?"

आपांनी तिच्याकडे बघितलं. मग टेबलावरच्या मोबाइलकडे बघितलं. आणि मीठ आणायला त्या खाली शिवणवर्गात गेल्या.

वल्लरी मोबाइलकडे बघत राहिली.

मग तिनं तोच नंबर पुन्हा लावला.

"तानूबाई, मीच. दुसरी बाई."

"आता काय?"

"तुमचं नाव लिहायचं होतं."

"रेशनला?"

"नाही. पाण्याच्या फोनला. मालकीण म्हणून."

पलीकडे हसू फुटलं. मागे आणखी कुणी बाई होती, तिलाही सांगितलं गेलं, आणि तीही हसली.

"मालकीन! घर न्हाई नावावर, भट्टी न्हाई नावावर. फोनाची मालकीन! काय करावं लागंल मला?"

"काही नाही. तो पुसायचा असेल तर आधी तुम्हाला विचारतील."

हसणं थांबलं.

"मला इचारतील?"

"हो."

"मंग लिहा," तानूबाई म्हणाली. "ठळक लिहा."

शुक्रवारी साडेचारला संस्थेचा कारभार बघणारे हेरवाडकर सर वर आले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना नीटनेटकं आवडायचं, एवढंच. शर्टच्या खिशात त्यांची तीन पेनं उंचीनुसार लावलेली असत.

"झालं का सगळं?" त्यांनी विचारलं. "पाचला पुसू या. मालक नसलेली वस्तू म्हणजे उघडं दार. मागच्या वर्षी अशाच एका दारातून कुणीतरी आत शिरलं होतं. मला पुन्हा ते नकोय."

"एकशे सतरा पुसायला हरकत नाही," वल्लरी म्हणाली. "प्रत्येक उघडून बघितलीय."

"अठरा होत्या ना?"

"एक बाहेर काढली."

सर वाकून पडद्याकडे बघू लागले. "कुंभारपट्टी-पाणी. हा कुठला गट? आवाज आणि यादी एकत्र? अगं, तू स्वतःच प्रकारानुसार लावलं होतंस. मी तर सगळ्यांना दाखवणार होतो ते."

"चुकीचं लावलं होतं."

"आणि हे कुलूप कुणी लावलं?"

"मी."

"कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही."

सरांनी चष्मा वर सरकवला. "मालक... तानूबाई कुंभार. ही कोण? नवीन घेतलीय का कुणी?"

"नाही. नदीकाठी राहते. पावसाळ्यात पाण्याचा फोन तिच्याकडे जातो."

"आपली कर्मचारी नाही?"

"नाही."

"वल्लरी, मालक कर्मचारी असायला हवा."

"कुठं लिहिलंय?"

"नियमातच आहे."

"नियम तुम्ही लिहिलाय सर. मी वाचलाय. वाचून दाखवू?" ती वाट न बघता वाचू लागली. "मालक म्हणजे अशी व्यक्ती, जिचं ती वस्तू बंद पडल्यामुळे सर्वांत आधी नुकसान होईल. वस्तू पुसण्यापूर्वी मालकाची तोंडी संमती घेणे आवश्यक." ती थांबली. "यात कर्मचारी हा शब्द नाही."

सर म्हणाले, "मला असं म्हणायचं नव्हतं."

"पण लिहिलंय तसं."

"हट्ट करतेयस तू. एका गटासाठी सोमवारचं सगळं अडेल. नव्या खात्यात बाहेरच्या माणसाचं नाव चालणार नाही. जबाबदार कोण? तू?"

"मी आज आहे, उद्या नाही. ती उद्याही तिथंच असेल."

"आपा, तुम्ही तरी सांगा हिला."

आपा खिडकीशी बसल्या होत्या. कानांत मशीनं नव्हती. त्या खालच्या रस्त्याकडे बघत होत्या आणि त्यांचा चेहरा एखाद्या सुट्टीच्या दिवसासारखा होता.

"ठीक आहे," सर म्हणाले. त्यांचाही स्वर आता कडक झाला होता. "नियम माझाच आहे ना? मग नियमानं जाऊ. मालकिणीची तोंडी संमती घेतो, आणि पाच वाजता पुसतो. नंबर लाव. स्पीकरवर."

वल्लरीनं नंबर लावला.

रिंग वाजू लागली.

खिडकीशी आपांनी बटवा उघडला. एक मशीन डाव्या कानात घातलं. दुसरं उजव्या.

"कोण?" स्पीकरमधून आवाज आला. मागे काहीतरी घुमत होतं.

"नमस्कार. मी काठसोबत संस्थेतून हेरवाडकर बोलतोय. तानूबाई कुंभार का?"

"थांबा सायेब, चाक थांबवते."

घुमणं हळूहळू कमी झालं. मग पूर्ण थांबलं. खोलीत पंख्याची तेवढी घरघर राहिली.

"हां. बोला."

"तुमच्या नावावर आमच्याकडे एक सेवा आहे. पावसाळ्यात येणारा तो पाण्याचा फोन. काही तांत्रिक कारणानं आम्ही तो आज कायमचा बंद करतोय. नियमानुसार तुमची संमती लागते. तुमची हरकत नाही ना?"

...

घड्याळात पाचला सात मिनिटं होती. सरांनी पेन हातात घेतलं होतं. वल्लरीनं काकडीचा शेंडा उचलून मुठीत घट्ट धरला होता. आपांनी मान थोडी पुढे केली होती, चौतीस वर्षं वायरींवर वाकायच्या तशी.

"सायेब," तानूबाई म्हणाली, "आधी पानी बंद करा. मंग फोन."